भर दुपारची मोजणी

मे महिन्यात आमच्या मराठवाड्यात दोनच माणसांना खरी मागणी असते. एक लग्नातला आचारी आणि दुसरी मी. आचाऱ्याला लोक निदान जेवायला तरी विचारतात. मला विचारत नसत, कारण मी ज्या घरी जाईन त्याच्या शेजाऱ्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटलेली नसायची.

मी भूकरमापक होते. शहरातल्या लोकांना हा शब्द सांगितला की ते मान डोलवतात आणि विषय बदलतात. सोपं सांगायचं तर मी शेतजमीन मोजणारी बाई. दोन शेतकऱ्यांत बांधावरून वाद झाला, म्हणजे ‘तू माझ्या रानात घुसलास’ आणि ‘तूच घुसलास’ असं सुरू झालं, की त्यातला एक जण कचेरीत मोजणीचा अर्ज करतो. मग आम्ही जातो, जुन्या नकाशावरून हद्द शोधतो, मोजतो आणि दोघांच्या मध्ये दगड रोवून परत येतो. दगड रोवला की वाद मिटतो असं सरकारला वाटतं. पूर्वी साखळी होती, मग तिपाईवर दुर्बीण बसवलेलं यंत्र आलं, आता तर उपग्रहाला विचारून हद्द सांगणारी काठी आली आहे. यंत्रं बदलली, दगड तेच राहिले आणि माणसंही.

आता हे सगळं उन्हाळ्यातच का, तर पीक उभं असताना रानातून कुणी साखळी ओढू देत नाही. तुरी निघाल्या, हरभरा निघाला, रान मोकळं झालं की लोकांना शेजारी दिसायला लागतो. एप्रिलातली जयंती झाली, निळे झेंडे उतरले की दुसऱ्या दिवसापासून माझा हंगाम सुरू व्हायचा, तो मृग लागेपर्यंत. बाकीची नोकरदार माणसं उन्हाळ्यात सावलीकडे सरकतात. आम्ही नेमके त्याच महिन्यांत, नांगरलेल्या काळ्या रानात, जिथं गवताची काडीसुद्धा सावली देत नाही तिथं उभे असायचो.

कचेरीच्या नोटिशीवर वेळ छापलेली असायची सकाळी अकराची. ही वेळ ज्यानं ठरवली तो पंख्याखाली बसलेला असणार यात मला शंका नाही. एसटीनं गावात उतरून, शिवारापर्यंत चालत जाऊन, अर्जदाराचे मेहुणे आणि शेजाऱ्याचे साडू गोळा होईपर्यंत बारा वाजायचे. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली ढेकळं, आणि मध्ये आम्ही. दुर्बिणीतून बघावं तर समोर खुणेवर उभा धरलेला मापाचा दांडा ज्वाळेसारखा हलताना दिसतो, कारण जमिनीवरची हवाच उकळत असते. दांडा धरणारा माणूस शपथेवर सांगतो की मी हललो नाही, आणि दोन्ही बाजूंचे लोक शपथेवर सांगतात की तो विकत घेतलेला आहे.

बाईमाणसाला त्यात आणखी एक पेच. उन्हात पाणी प्यावं तर पुढची सोय कुठं करायची? मोकळं रान म्हणजे चारही दिशांना मोकळं. म्हणून पहिली काही वर्षं मी पाणीच पीत नसे, आणि संध्याकाळी घरी येऊन डोकं धरून पडत असे. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. साहेबांना तर नाहीच.

साखळीच्या काळातला एक किस्सा सांगते. बिलोलीकडं मारोतराव नावाचे एक शेतकरी होते. त्यांच्या मुलाला शाळेत शिकवलं होतं की लोखंड तापलं की लांबतं. मारोतरावांनी ते ऐकलं आणि मोजणीच्या दिवशी हरकत घेतली. उन्हानं साखळी लांबली आहे, लांब साखळीनं मोजलं तर माझं रान कमी भरणार, मोजणी गारव्यात झाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हिशेबानं ते बरोबरच होतं. पण शेजारीही कच्चा नव्हता. तो म्हणाला की गारव्यात साखळी आखडते, मग यांचं रान फुगेल, तेव्हा मोजणी उन्हातच झाली पाहिजे. दोघंही मला ‘तुम्हीच सांगा’ म्हणून बघायला लागले. मी एकदा भल्या सकाळी आणि एकदा दुपारी मोजलं. दोन्हीतला फरक इतका किरकोळ होता की बोलायचीही लाज वाटावी. मग हद्दीचा दगड मी रोवून घेतला, पण तो कोणत्या मोजणीचा ते सांगितलं नाही. मारोतराव धरून चालले की सकाळचा, शेजारी धरून चालला की दुपारचा. दोघांनी मला एकाच वेळी हात जोडले. नोकरीत असं फार वेळा घडलं नाही.

माझा उन्हाळा बदलला तो गफारभाईंमुळे. गफारभाई आमच्या कचेरीतले शिपाई. मोजणीला दांडा धरायला माझ्याबरोबर तेच असायचे. पन्नाशी ओलांडलेला, काटक, कमी बोलणारा माणूस. ज्या वर्षी रमजान ऐन मे महिन्यात आला, त्या वर्षी मला त्यांची काळजी वाटायला लागली. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि दांडा धरून उन्हात उभं राहायचं. मी त्यांना म्हटलं की महिनाभर दुसऱ्या कुणाला घेते, तुम्ही कचेरीत बसा. ते त्यांना मुळीच आवडलं नाही. म्हणाले, “म्याडम, सहरीचं खाणं झालं की मी जागाच हाय. नमाज झाली की निघू. ऊन चढायच्या आत काम उरकून टाकू. लोकं झोपेत असतील म्हणून कशाला भिऊन राहिले तुम्ही?”

साहेबांनी आधी कुरकुर केली. पहाटेच्या मोजणीला पक्षकार येणारच नाहीत असं त्यांचं मत होतं. ते खरं निघालं, आणि तेच सोन्याहून पिवळं झालं. अर्जदार यायचा, शेजारी यायचा, पण बाकीची फौज यायची नाही. पहाटे भांडायला जायचं तर मेहुण्याला उठवावं लागतं, साडूला चहा पाजावा लागतो, आणि चुलता तर तोंड धुतल्याशिवाय शिवीही देत नाही. दोन्ही पक्ष अर्धवट झोपेत, अंगावर पांघरुणाच्या सुरकुत्या घेऊन उभे राहायचे आणि मी विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यायचे. दुर्बिणीत दांडा काठीसारखा सरळ दिसायचा. अंधार पुरता गेलेला नसायचा तोवर माझीही सोय व्हायची, म्हणून मी पोटभर पाणी प्यायला लागले. ऊन तापेपर्यंत दगड रोवून आम्ही गावातल्या हॉटेलावर, आणि रमजान नसेल तेव्हा गफारभाई भज्यांच्या प्लेटसमोर.

तेव्हापासून माझ्या नोटिशीवर अकराच्या जागी दिवस उगवायची वेळ यायला लागली. तालुक्यात माझं नाव ‘पाटच्या बाई’, म्हणजे पहाटेच्या बाई, असं पडलं. काही लोक मुद्दाम दुसऱ्या मोजणीदाराला मागायचे. मी समजून जायचे की यांना हद्द नको आहे, भांडण हवं आहे.

एक गोष्ट मात्र या व्यवस्थेतही सुधारली नाही. मुलांच्या सुट्ट्या आणि माझा हंगाम एकच. माझी दोन्ही मुलं सगळी सुट्टी हिमायतनगरला माझ्या आईकडे काढायची. मी एखाद्या रविवारी जायचे तेव्हा ती मला नदीत पोहायला शिकल्याचं दाखवायची, आणि मी काठावर बसून डुलक्या घ्यायचे. मुलगी आता मोठी नोकरी करते. ती म्हणते, आई, तुला आमचा एकसुद्धा उन्हाळा आठवत नसेल. मी तिला बिलोलीच्या साखळीची गोष्ट सांगते आणि विषय टाळते.

तर असा मी स्वतःचा नियम बांधला होता की उन्हाळ्यात दुपारी मोजणी करायची नाही. तो मी एकदाच मोडला, आणि ठरवून मोडला.

गाव निलंग्याकडचं. नाव सांगत नाही, कारण दोन्ही पक्ष अजून धडधाकट आहेत. अर्जदार होते शिवलिंगअप्पा. निलंग्यात त्यांचं कापडाचं दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, अंगावर कडक इस्त्री. रान बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला दिलेलं होतं, त्यामुळे वर्षातून दोनदा, ते पण संध्याकाळी, गाडीत बसून ते रान बघून यायचे. त्यांच्या पूर्वेला गोदाबाईचं रान. गोदाबाई विधवा, साठीच्या आसपासची, स्वतः खपणारी. दोघांच्या मध्ये बांध, आणि बांधावर एक जुना कडुनिंब. लांबवर दुसरं झाड नाही. गोदाबाईची म्हैस त्याच्या खाली, शेळ्या त्याच्या खाली, खुरपायला आलेल्या बायांच्या भाकरी त्याच्या खाली. बुडाशी तिचा पाण्याचा माठ ओल्या वाळूत बसवलेला.

अप्पांचं म्हणणं असं की झाड माझ्या हद्दीत आहे आणि त्याच्या सावटानं माझं सोयाबीन वाढत नाही. दुसरं म्हणणं खरंच होतं. झाडाखालची पट्टी दर वर्षी खुरटी राहायची. मोजणी झाली की झाड तोडणार, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. तोडायला परवानगी लागते, हे मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, ती मी बघतो, तुम्ही फक्त दगड रोवा.

गोदाबाईला बिचारी म्हणावं असं काही नव्हतं. तिची जीभ अशी होती की म्हैससुद्धा तिला भिऊन वेळेवर दूध देत असावी. आणि बांध कोरायची कला तिला चांगलीच येत होती. दर वर्षी नांगरटीच्या वेळी वीतभर, वीतभर. सकाळची मोजणी करून मी कचेरीत नकाशावर बसवून पाहिलं, तर ती अप्पांच्या रानात चांगलीच आत आली होती, आणि कडुनिंब हातभर अंतरानं अप्पांच्या हद्दीत पडत होता.

मोजणी झाली की शेवटचं काम राहतं. दोन्ही पक्षांना जागेवर नेऊन प्रत्येक खूण दाखवायची आणि दगड रोवायचे. त्याच्या आदल्या दिवशी मी काही कामानं त्या गावात गेले होते, तेव्हा गोदाबाईनं मला गाठलं. तिला अंदाज आला होता. तिनं रडगाणं लावलं नाही. एवढंच विचारलं, “म्याडम, हातभर इकडं-तिकडं होतच नसतं का वो?”

मी म्हटलं, होत नसतं.

ती म्हशीला घेऊन गेली. मला माहीत होतं की रेष मी सरकवणार नाही. बापाच्या रानासाठी सरकवली नसती. आमच्या घरात पहिली सरकारी नोकरी माझी, आणि बापानं ती लागल्यावर एवढंच सांगितलं होतं की खोटी रेष मारू नकोस. पण त्या संध्याकाळी गफारभाईंनी बातमी आणली की अप्पांनी करवतवाल्याला दुसऱ्याच दिवशी बोलावलंय. दगड रोवला की लगेच मशीन लावायचं. झाडाखाली उभं राहून गफारभाई वर बघत म्हणाले, “कल इधर धूपही धूप.”

रेष माझ्या हातात नव्हती. वेळ माझ्या हातात होती. मी अप्पांना फोन करून सांगितलं की उद्या सकाळी मला दुसरीकडं जायचंय, खुणा आपण दुपारी बाराला दाखवू. अप्पांना काही वाटलं नाही. दुकानात बसणाऱ्या माणसाला बारा वाजले काय आणि सहा वाजले काय, पंखा तोच. गफारभाईंना मात्र वाटलं. मला विचारायला लागले की आज उलटं काय करून राहिले तुम्ही. मी त्यांना दोन थर्मास आणि ओले टॉवेल बरोबर घ्यायला सांगितलं. ते माझ्याकडं बघून हसले. हसले की त्यांचा पडलेला दात दिसायचा.

अप्पा गाडीतून उतरले ते पायात पातळ चप्पल आणि डोक्यावर पांढरी टोपी घालून. गोदाबाई निंबाखाली बसली होती. खुणा बघायला चल म्हटलं तर म्हणाली, मला माझं रान अंधारात बी कळतं, तुम्ही फिरा. आणि पाय लांब करून बसली.

मी नियमाप्रमाणे निंबापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. नियमात कोपरा कोणता ते लिहिलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. अप्पांना नव्हतं. प्रत्येक खुणेवर मी त्यांना स्वतः उभं केलं, नकाशा दाखवला, पुढच्या खुणेचं अंतर समजावलं आणि दुर्बिणीतून बघायला लावलं. दांडा हलतच होता. मी सांगायचे की अप्पा, हवा थरथरते आहे, नीट दिसेपर्यंत थांबू या. हे खरं होतं. किती थांबायचं ते माझ्यावर होतं. काळं रान भेगाळलेलं, ढेकळं तव्यासारखी. अप्पांची चप्पल बाजूनं मातीत जायची आणि ते पाय वर उचलून उभे राहायचे, एकदा हा, एकदा तो. कपाळावरचं भस्म घामाबरोबर भुवयांत उतरलं. मी त्यांना मधूनमधून पाणी पाजत होते, टॉवेल डोक्यावर टाकत होते, कारण मला त्यांना तापवायचं होतं, आजारी पाडायचं नव्हतं. माझीही अवस्था काही बरी नव्हती. किती तरी वर्षांनी मी दुपारी रानात उभी होते आणि स्वतःच्याच हुशारीला मनातल्या मनात शिव्या देत होते.

अर्धं रान झाल्यावर अप्पांनी विचारलं की बाकीचे दगड तुम्हीच बघून रोवले तर चालणार नाही का. मी म्हटलं, अप्पा, तुमचीच हद्द, तुमच्याच डोळ्यांनी बघायला पाहिजे. उद्या कुणी म्हणायला नको की बाईंनी परस्पर केलं. पुढच्या खुणेपासून त्यांचं दुर्बिणीकडं लक्ष नव्हतं. सगळं शिवार पांढरं पडलं होतं आणि त्यात एकच काळसर ठिपका होता, ज्याच्या खाली गोदाबाई आणि तिच्या शेळ्या आरामात बसून आमची वरात बघत होत्या. अप्पा तिकडं बघत होते.

शेवटची खूण निंबाच्या पलीकडं, गोदाबाईच्या बाजूला आली. गफारभाईंनी तिथं दगड रोवला. मी म्हटलं, “अप्पा, झाड तुमचं.”

या वाक्यासाठी ते वर्षभर कचेरीच्या पायऱ्या चढले होते. ते “हाव” म्हणाले आणि बुंध्याला पाठ टेकून खालीच बसले. टोपी काढून बाजूला ठेवली. गोदाबाई उठली. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. तिनं माठातून तांब्या भरला आणि त्यांच्या पुढं धरला.

“झाड तुमचं झालं. माठ अजून माझा हाय,” ती म्हणाली. “प्या.”

अप्पांनी तांब्या वर करून संपवला, दुसरा मागितला, तोही संपवला. मग तिथंच आडवे झाले. एवढी कडक इस्त्री पण मातीत. वर निंबाच्या फांद्या हलत होत्या. शिवारात कुठंच वारं नव्हतं, झाडाखाली मात्र होतं. कुठून येत होतं कोण जाणे. अप्पांचे डोळे मिटले. मी त्यांच्या हातात पेन देऊन सही घेतली ती त्यांनी कुशीवर पडूनच केली.

एवढ्यात मोटारसायकलवर करवतवाला आला. मागं मशीन बांधलेलं. उन्हातून आल्यानं त्याचे डोळे लाल झाले होते. त्यानं मशीन उतरवलं आणि दोरी ओढली. त्या आवाजानं म्हैस उठून उभी राहिली आणि अप्पा धडपडून उठून बसले.

“बंद कर ते,” अप्पा म्हणाले. “डोकं उठवून राहिला नुसतं.”

“मग कवा कापू?”

“ऊन उतरू दे आधी. इथं जीव जाऊन राहिला.”

करवतवाल्यानं मशीन बंद केलं. त्यालाही तेच हवं होतं. त्यानं गोदाबाईकडं पाणी मागितलं, पिऊन झाल्यावर मशीन उशाला घेतलं आणि थोड्या वेळात घोरायला लागला. अप्पा पुन्हा आडवे झाले. गफारभाई बांधाला टेकून डोळे मिटून बसले. ज्यानं झाड तोडायचं ठरवलं तो आणि ज्यानं तोडायचं तो, दोघंही त्याच्याच खाली झोपले होते. जाग्या होत्या फक्त आम्ही दोघी. गोदाबाई माझ्याकडं बघत नव्हती. तिच्या लेखी मी अप्पांच्या बाजूची होते. दुपारची वेळ मी का धरली ते मला तिला सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर तिनं ते गावभर केलं असतं, आणि मग झाड गेलंच असतं. तो तासभर मी आयुष्यातला सगळ्यात अवघडलेला तास म्हणून मोजते, आणि मी पुष्कळ अवघड ठिकाणी बसले आहे.

ऊन कलल्यावर अप्पा उठले. करवतवाल्यानं विचारलं, लावू का. अप्पा झाडाकडं वर बघत राहिले. बुंध्याला हात लावून पाहिला. दुकानात कापडाचा पोत बघावा तसा. मग म्हणाले की एवढं मोठं झाड, आज काही आटपायचं नाही, मी फोन करतो तेव्हा ये. करवतवाला गेला. गाडीत बसताना अप्पांनी मला विचारलं की निंबाखाली सोयाबीन येत नाही, तर आणखी काय येतं. मी म्हटलं, झोप येते. ते हसले नाहीत, पण त्यांनी मान डोलवली.

फोन काही गेला नाही. गफारभाई करवतवाल्याला बाजारात भेटले की विचारायचे, निंबाचं काय झालं. तो म्हणायचा, अप्पा म्हणतेत ऊन उतरू दे. पावसाळा आला, गेला, थंडी पडली, तरी अप्पांचं ऊन काही उतरलं नाही. गोदाबाईनं बांध मागं घेतला, पण सबंध गावात सांगत फिरली की मोजणीवाली बाई विकली गेली. ते माझ्या कानावर यायचं. लागायचं. दुसऱ्या कुणाचं असं बोलणं मी कधी मनाला लावून घेतलं नव्हतं.

मग मी सेवानिवृत्त झाले. गेल्या उन्हाळ्यात निलंग्याला एका लग्नाला गेले होते. जेवण झालं, उकडत होतं, आणि रिक्षावाल्याला मी सहज त्या शिवाराकडं घ्यायला सांगितलं. दुपार उलटून गेली होती. लांबूनच निंब दिसला. बुंध्याभोवती दगडाचा गोल ओटा बांधलेला आणि त्यावर ऑइलपेंटनं अप्पांचं नाव. अप्पा हल्ली उन्हाळ्यात दुकान मुलावर टाकून जेवण झालं की रानात येतात, हे मला रिक्षावाल्यानं वाटेतच सांगितलं होतं. पण ओट्यावर अप्पा नव्हते. ओटा उन्हात होता. दिवस पश्चिमेकडं कलला की निंबाची सावली पूर्वेला पडते, आणि पूर्वेचं रान गोदाबाईचं. अप्पांची बाज तिथं होती, दगडापासून चांगली आत. शेजारी जमिनीवर गोदाबाई शेळीला पाला घालत बसली होती. दोघांची बोलाचाली सुरू होती आणि ती बरीच जुनी असावी, कारण कुणालाच घाई नव्हती.

मला बघून गोदाबाई उठली. मला वाटलं आता ऐकवणार. तिनं पाणी दिलं आणि सरळ मुद्द्यावर आली.

“बरं झालं आलात. झाड ह्यांचं, मान्य. तुम्हीच ठरवून गेलात. पण ह्यांची बाज रोज दुपारी माझ्या रानात असती, ती कोणत्या कायद्यानं?”

“सावली माझ्या झाडाची हाय,” अप्पा पडल्या पडल्या म्हणाले. “ती जिकडं जाईल तिकडं मी जाणार. म्याडम, सावलीची मोजणी करून द्या यांना.”

मी म्हटलं, मी आता नोकरीत नाही, आणि सावलीला दगड रोवायचा तर तो दिवसभर सरकवत राहावा लागेल. त्यावर दोघांनी गंभीरपणे विचार केला. गोदाबाईचं म्हणणं पडलं की दगड अप्पांनीच सरकवावा, झाड त्यांचं आहे. अप्पांचं म्हणणं पडलं की रान जिचं तिनं सरकवावा. कोणत्या वेळेला मोजायचं यावरूनही त्यांचं जमेना. मी पाणी पीत ऐकत राहिले. मध्यस्थी करायची गरज दिसत नव्हती.

बोलता बोलता ऊन अप्पांच्या पायांवर आलं. ते उठले आणि बाजेचं एक टोक धरून ओढायला लागले. बाज जड होती, ढेकळात अडकली. गोदाबाईनं हातातला पाला खाली टाकला, दुसरं टोक उचललं, आणि ‘तुमच्या बापाचं रान हाय का हे’ असं म्हणत ती बाज आपल्या रानात आणखी चार पावलं आत नेऊन ठेवली.